लेव्हल रचणाऱ्याच्या हाती राहायला हवी

८ एप्रिल २०२४ रोजी निन्टेंडो कंपनीनं वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन सेवा बंद केली. त्याआधीचे काही आठवडे जगभर विखुरलेले मोजके खेळाडू एका यादीशी झटत होते. ‘सुपर मारिओ मेकर’ हा वी यूवरचा २०१५ सालचा गेम. त्यात खेळाडू मारिओच्या लेव्हल्स स्वतः रचत, सर्व्हरवर चढवत आणि इतरांनी चढवलेल्या लेव्हल्स खेळत. एखादी लेव्हल किती जणांनी खेळली आणि त्यांतल्या किती टक्क्यांनी पार केली, हे गेममध्येच दिसे. जिच्यापुढे शून्य टक्के दिसत असत, म्हणजे रचणाऱ्याखेरीज जी कुणालाच पार करता आलेली नसे, अशी एकही लेव्हल मागे ठेवायची नाही, हे ‘टीम झिरो पर्सेंट’ या गटानं २०१७ पासून मनावर घेतलं होतं. मार्च २०२१ अखेर कंपनीनं नव्या लेव्हल्स चढवण्याची सोय बंद केली. यादी वाढायची थांबली आणि ती कधीतरी संपेल अशी आशा दिसू लागली. मार्च २०२४ मध्ये दोनच लेव्हल्स उरल्या. त्यांतली ‘द लास्ट डान्स’ महिन्याच्या मध्याला पार झाली. उरली ‘ट्रिमिंग द हर्ब्ज’, खेळायला अर्ध्या मिनिटाहूनही कमी लागणारी, पण बटण दाबण्यात निमिषाचीही चूक न खपवणारी. तेव्हा तिच्या रचनाकारानं कबूल केलं, की २०१७ मध्ये आपण ती हातानं पार केलीच नव्हती, बटणं दाबण्याचं काम एका तांत्रिक साधनाकडून करून घेतलं होतं. गटानं आपलं काम संपल्याचं जाहीर केलं. सर्व्हर बंद व्हायच्या आत एका खेळाडूनं तीही लेव्हल स्वतःच्या हातांनी पार केली.

हा खटाटोप बाहेरून निरर्थक वाटू शकतो. मला तो या माध्यमाच्या गाभ्याशी नेणारा वाटतो. मारिओ मेकरमध्ये एक नियम होता : लेव्हल चढवायची असेल, तर आधी ती स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पार करून दाखवायची. ‘जॉमेट्री डॅश’ या फोनवरच्या लोकप्रिय गेममध्येही हेच बंधन आहे. म्हणजे समोर आलेल्या प्रत्येक लेव्हलबरोबर एक अलिखित हमी येते, की हे अवघड आहे, पण माणसाच्या हातून झालेलं आहे, तेव्हा तुझ्याही हातून होईल. ‘ट्रिमिंग द हर्ब्ज’वरून खेळाडू दुखावले ते ही हमी खोटी निघाली म्हणून, तिच्या अवघडपणाची तक्रार कुणाचीच नव्हती. आणि टीम झिरो पर्सेंटचे लोक हजारो अनोळखी लेव्हल्सपाशी तासन्‌तास बसले, ते अशा प्रत्येक हमीला कुणीतरी उत्तर द्यायला हवं म्हणून. लेव्हल रचणारा माणूस न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाच्या हालचालींची कल्पना करत असतो. इथे तो घाई करेल, इथे बिचकेल, इथे उडी मारण्याआधी खाली पाहील. तो दुसरा माणूस येऊन खेळेपर्यंत रचना अर्धीच राहते. म्हणून लेव्हल रचणं आणि ती दुसऱ्यापर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं मानता येत नाहीत. पोचवण्याचा मार्ग ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात ही कलाही जाते.

माझं म्हणणं त्यामुळे असं आहे : जी कंपनी खेळाडूंना लेव्हल्स रचायचं आणि वाटायचं आमंत्रण देते, तिनं रचणाऱ्याला त्याची लेव्हल अखंड, खेळता येईल अशा स्वरूपात बाहेर काढून घेऊ दिली पाहिजे, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडल्यावरही ती हातोहात देता-घेता आली पाहिजे. सर्व्हर कायम चालू ठेवा, असं कुणी म्हणत नाही. मागणी फाइलची आहे. ती क्षुल्लक वाटेल, पण गेल्या तीस वर्षांत खेळाडूंनी रचलेलं काय टिकलं आणि काय गेलं हे पाहिलं, तर बहुतेक वेळा उत्तर याच एका गोष्टीवर येऊन थांबतं.

टिकलेल्याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘डूम’. आयडी सॉफ्टवेअर या छोट्या अमेरिकी कंपनीनं १० डिसेंबर १९९३ रोजी तो गेम आणला. आदल्या वर्षीच्या त्यांच्याच ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’च्या फाइली खेळाडूंनी फोडून नव्या लेव्हल्स घुसवल्या होत्या. ते पाहून प्रमुख प्रोग्रामर जॉन कारमॅक चिडला नाही, सुखावला. डूम लिहिताना त्यानं नकाशे, चित्रं आणि आवाज गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामपासून वेगळे काढून ‘वॉड’ नावाच्या फाइलीत ठेवले. खेळाडूला आपली लेव्हल एका वेगळ्या छोट्या वॉडमध्ये घालता येत होती आणि मूळ गेमला धक्का न लावता चालवता येत होती. कंपनीनं लेव्हल रचायचं साधन दिलंच नव्हतं. १९९४ च्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं इंटरनेटवरच्या इतरांच्या मदतीनं ‘डीईयू’ हा एडिटर तयार केला, आणि त्यानंतर वॉडचा ओघ कधी थांबलाच नाही. कंपनीतल्या काहींना कायद्याची आणि धंद्याची काळजी वाटत होती. त्यावर तोडगा निघाला, की नव्या लेव्हल्स फुकटच्या नमुना आवृत्तीवर चालू नयेत, विकत घेतलेल्या प्रतीवरच चालाव्यात. एवढीच अट. तिनं कंपनीचा गल्लाही राखला आणि खेळाडूंचा हातही मोकळा ठेवला.

त्या मोकळ्या हातानं काय केलं, हे सावकाश पाहण्यासारखं आहे. हजारो वॉड एका सार्वजनिक संग्रहात जमा झाले. प्रत्येकासोबत ठरावीक नमुन्याची एक साधी मजकुराची फाइल असायची : रचनाकाराचं नाव, कोणता एडिटर वापरला, रचायला किती वेळ लागला, कुणाच्या कामाचा आधार घेतला, आणि ही लेव्हल वाटायला किंवा तिच्यावरून नवी रचायला परवानगी आहे की नाही. कोणत्याही वकिलानं न सांगता खेळाडूंनी श्रेय आणि संमती यांची एक पद्धत घालून घेतली होती. त्यांतल्या काहींची रचना इतकी पक्की होती, की १९९६ मध्ये आयडीनं ‘फायनल डूम’ म्हणून जो संच विकला, त्याचे दोन्ही भाग चाहत्यांतून पुढे आलेल्या रचनाकारांचे होते. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीनं गेमचा मूळ कोडही खुला केला, आणि पुढे त्यावरचा परवानाही आणखी मोकळा केला. तेव्हापासून डूम नव्या-नव्या संगणकांवर चालता ठेवण्याचं काम चाहतेच करत आले. त्यामुळे १९९४ मध्ये वसतिगृहाच्या खोलीत कुणी रचलेली लेव्हल आज, ते संगणक भंगारात गेल्यावरही, कुणालाही उघडून खेळता येते. आणि हे जुनं जपून ठेवणंच नव्हे. परंपरा अजून वाढते आहे. २०२३ मध्ये आलेला ‘मायहाउस’ हा वॉड आधी एका साध्या घराची हुबेहूब नक्कल वाटतो. मग तेच घर खेळणाऱ्याच्या नकळत बदलत जातं. मूळ गेमनंतर तीस वर्षांनी एका खेळाडूनं रचलेल्या या लेव्हलनं गेमच्या जगाबाहेरच्या समीक्षकांनाही थांबून पाहायला लावलं. ज्या पायावर ती उभी आहे, तो पाया कुणी बंद करू शकत नाही.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमधल्या मीडिया मॉलेक्यूल या संस्थेचा ‘लिटल बिग प्लॅनेट’ २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. खेळा, रचा, वाटा हेच त्याचं ब्रीद होतं. कापड, पुठ्ठा, स्पंज असल्या वस्तूंनी लेव्हल रचायची त्याची रीत इतकी लोभस होती, की एडिटर या शब्दाला बिचकणारी मुलंही रचू लागली. लाखो लेव्हल्स जमल्या, आणि त्या सगळ्या सोनीच्या सर्व्हरवर होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे सर्व्हर कायमचे बंद झाले. जानेवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ४ वरच्या तिसऱ्या भागाचे सर्व्हर पडले, आणि एप्रिलमध्ये सांगण्यात आलं, की ते आता सुरू होणार नाहीत. काही चाहत्यांनी वेळीच सर्व्हरवरून मोठ्या प्रमाणावर प्रती उतरवून घेतल्या होत्या, म्हणून सगळं नाहीसं झालं असं म्हणता येत नाही. पण त्यामागे कंपनीची तरतूद नव्हती. काही थोड्या माणसांची जिद्द होती, आणि तीही नियमांच्या कडेवरून चालत. मारिओ मेकरचंही तसंच. ज्यांनी लेव्हल्स आपल्या यंत्रात आधी उतरवून ठेवल्या, त्यांच्याकडे त्या आजही चालतात. पण एका यंत्रातून दुसऱ्यात त्या देण्याचा कंपनीला मान्य असलेला मार्ग उरलेला नाही. यंत्र बिघडलं, की तिथला साठा संपला.

‘व्हिडिओ तर आहेत’, असं यावर सांगितलं जातं. टीम झिरो पर्सेंटनं जिंकलेल्या कित्येक लेव्हल्सचे व्हिडिओ आहेतच. पण व्हिडिओत एका माणसाचा एक मार्ग दिसतो. लेव्हलमध्ये इतर मार्ग असतात, फसलेले प्रयत्न असतात, कुणालाच न सापडलेली एखादी आडवाट असते. ती हात लावल्याशिवाय कळत नाही. रचणाऱ्यानं खेळणाऱ्याला जे स्वातंत्र्य देऊ केलं होतं, नेमकं तेच व्हिडिओत नसतं.

फाइल हाती द्या, या मागणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप मालकीचा आहे. मारिओ निन्टेंडोचा, डूममधले राक्षस आयडीचे. त्यांच्या विटांनी बांधलेल्या घरावर बांधणाऱ्याचा हक्क कसा? अमेरिकी न्यायालयापुढे हा प्रश्न आलेला आहे. ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ या १९९६ च्या गेमबरोबर लेव्हल रचायचं साधन दिलेलं होतं, आणि रचलेलं फुकट वाटायचं अशी अट होती. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीनं खेळाडूंच्या अशा ३०० लेव्हल्स इंटरनेटवरून उचलल्या आणि सीडीवर घालून विकायला काढल्या. यात कॉपीराइटचा भंग नाही असं ठरवून घ्यायला मायक्रो स्टारच न्यायालयात गेली, आणि गेमची प्रकाशक फॉर्मजेन कंपनीनं प्रतिदावा केला. १९९८ मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयानं फॉर्मजेनच्या बाजूनं कौल दिला. त्या नकाशांच्या फाइलींमध्ये मूळ गेमचं एकही चित्र नव्हतं, कुठे काय ठेवायचं एवढीच माहिती होती. तरीही त्या ड्यूकच्या गोष्टी पुढे नेतात, म्हणून त्या मूळ कृतीवरून बेतलेल्या कृती ठरतात आणि तो हक्क मूळ मालकाचा, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायदा म्हणून हा निकाल मला समजतो. फुकट वाटलेलं उचलून विकणाऱ्याला अडवलं हेही योग्यच झालं. पण त्या खटल्यात दोनच पक्ष होते आणि दोन्ही कंपन्या होत्या. ज्यांच्या श्रमावर वाद चालला होता, ते शेकडो रचनाकार त्यात कुठेच नव्हते. ती जागा अजूनही बहुतांशी रिकामीच आहे.

तरीही हा आक्षेप माझ्या मागणीला खोडत नाही. मूळ गेमवरून बेतलेली कृती आहे म्हणजे बेतणाऱ्याचं त्यात काहीच नाही, असा अर्थ होत नाही. मारिओचं चित्र, विटा, संगीत, सगळं निन्टेंडोचं, मान्य. पण कोणती वीट कोणत्या खड्ड्यापासून किती अंतरावर ठेवली म्हणजे अनोळखी माणूस उडी मारण्याआधी क्षणभर थबकेल, हा निर्णय निन्टेंडोनं घेतलेला नाही. लेव्हलच्या फाइलीत असतात ते असे निर्णय. डूम आणि ड्यूक यांच्या अटींनी तीस वर्षांपूर्वीच दाखवून दिलं, की दोघांचे हक्क एकाच वेळी सांभाळता येतात : मूळ गेम विकत घेतल्याशिवाय लेव्हल चालणार नाही, लेव्हल कुणी विकणार नाही, आणि लेव्हलची फाइल रचणाऱ्याजवळ राहील. यात कंपनीचा तोटा कोणता होतो, हे मला कुठल्याच प्रतिवादात सापडलेलं नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. चढवलेल्या लेव्हल्सपैकी बहुतांश कच्च्या, घाईघाईनं केलेल्या, कुणी न खेळलेल्या असतात, मग जपायचं काय? मारिओ मेकरमध्ये कंपनीचं धोरणही याच वळणाचं होतं. फारसा प्रतिसाद न मिळालेल्या लेव्हल्स काही काळानं सर्व्हरवरून काढल्या जात. पण काय मोलाचं ठरेल हे त्या वेळी कुणाला कळलं होतं? ब्लिझर्ड कंपनीच्या ‘स्टारक्राफ्ट’वर कुणीतरी ‘एऑन ऑफ स्ट्राइफ’ नावाचा नकाशा केला होता. २००२ मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ आला, त्याबरोबर एडिटर होता, आणि तयार नकाशा साधी फाइल असल्यामुळे खेळायला जमलेल्यांत तो आपोआप एकाकडून दुसऱ्याकडे जात असे. त्यात त्या जुन्या कल्पनेवरून ‘डोटा’ उभा राहिला. तो एका माणसाचा नव्हताच. एकानं सुरू केला आणि सोडला, इतरांनी आपापल्या आवृत्त्या केल्या, कुणी त्या आवृत्त्यांतले नायक एकत्र आणले, मग ‘आइसफ्रॉग’ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या रचनाकारानं वर्षानुवर्षं त्याला घासूनपुसून समतोल आणला. त्यातून खेळाचा अख्खा नवा प्रकार जन्मला. २००९ चा ‘लीग ऑफ लेजेंड्स’ आणि व्हॉल्व्ह कंपनीचा २०१३ चा ‘डोटा २’ ही त्याचीच संतती. डोटा २ च्या २०२१ मधल्या जागतिक स्पर्धेत बक्षिसांची रक्कम सुमारे ४ कोटी डॉलरवर गेली होती. सुरुवातीच्या ओबडधोबड आवृत्त्या ‘प्रतिसाद कमी’ म्हणून पुसल्या गेल्या असत्या, किंवा त्यांची फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जाऊच शकली नसती, तर या साखळीचा पुढचा दुवा कुठून आला असता?

ब्लिझर्डनं या इतिहासातून जो धडा घेतला, तो मला खिन्न करतो. जानेवारी २०२० मध्ये वॉरक्राफ्ट ३ ची नवी आवृत्ती आली, तेव्हा वापराच्या अटींत लिहिलं गेलं, की खेळाडूंनी रचलेले सर्व नकाशे कंपनीच्या मालकीचे असतील, आणि रचनाकाराचे नैतिक हक्कसुद्धा त्यानं कंपनीच्या स्वाधीन करावेत. ज्या गेमच्या मोकळेपणातून एवढं मोठं काही निपजलं, त्याच गेमवर पुन्हा काही निपजलं तर ते आधीच आपलं करून ठेवायची ही तजवीज. खेळाडूंच्या लेव्हल्स किरकोळ आहेत असं म्हणायचं आणि करारात त्यांची मालकी एवढ्या काटेकोरपणे लिहूनही घ्यायची, या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. कंपन्यांना त्यांचं मोल नीट ठाऊक आहे.

खर्चाच्या आक्षेपाला फार जागा द्यायला नको. सर्व्हरला पैसे लागतात आणि कोणतीही कंपनी तो अनंत काळ चालवणार नाही, हे खरंच आहे, आणि फाइलची मागणी त्यासाठीच आहे. रचणाऱ्याच्या हाती त्याची प्रत असेल, तर सर्व्हर बंद करणं हा कंपनीचा साधा व्यावहारिक निर्णय राहतो. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र खरा आहे. लहान मुलं जिथे वावरतात तिथे कुणीही काहीही टांगू नये, यासाठी देखरेख लागतेच. लिटल बिग प्लॅनेटचे सर्व्हर २०२१ मध्ये द्वेषाचा मजकूर पसरवणाऱ्या हल्ल्यांमुळे कित्येक दिवस बंद ठेवावे लागले होते. सार्वजनिक फळीवर काय ठेवायचं, हे ठरवण्याचा कंपनीचा अधिकार, किंबहुना कर्तव्य, मी मानतो. पण माझी लेव्हल फळीवरून उतरवणं आणि ती माझ्याकडूनही नाहीशी करणं यांत फरक आहे, आणि आजच्या व्यवस्थेत तो फरक पुसला जातो.

बंदिस्त व्यवस्थेच्या बाजूनं सगळ्यांत चांगलं बोलता येईल ते तिच्या सोपेपणाबद्दल. डूमचा एडिटर शिकायला चिकाटी लागायची, वॉड शोधून चालवायला संगणकाची बऱ्यापैकी जाण लागायची. मारिओ मेकरमध्ये आठ वर्षांचं मूल पडद्यावर बोटानं वीट ठेवतं, बटण दाबून खेळून पाहतं, आणि थोड्याच वेळात दुसऱ्या खंडातला कुणी तिथे उडी मारत असतो. हे लहान काम नाही. सर्व्हर आणखीही बरंच देतो, जे नुसत्या फाइलीत मावत नाही : किती जणांनी खेळलं, कुठे-कुठे ते मेले याच्या फुल्या, शिफारशी, शेरे. शून्य टक्क्यांचा आकडा सर्व्हरनं मोजला नसता, तर टीम झिरो पर्सेंट जन्मालाच आली नसती. म्हणून फाइल म्हणजेच सर्व काही, असा माझा दावा नाही. मात्र फाइल असली, की तिच्याभोवतीची वस्ती लोक पुन्हा वसवू शकतात. डूमच्या खेळाडूंनी ते केलं आहे. गेममध्ये आपला खेळ ‘डेमो’ म्हणून नोंदवता येतो. ती नोंद म्हणजे बटणांची यादी, आणि तीच लेव्हल हाती असेल तरच ती पुन्हा चालून दाखवते. त्यावर वेगाच्या स्पर्धा उभ्या राहिल्या, विक्रमांच्या वह्या आल्या, दरवर्षी उत्तम वॉड निवडून गौरवण्याची प्रथा पडली. यांतलं काहीच कंपनीनं चालवलं नाही. उलट फाइल नसेल, तर सर्व्हरनं दिलेले आकडे, फुल्या आणि शेरे सर्व्हरबरोबरच जातात आणि पुन्हा उभं करायला पायाच उरत नाही. सोपेपणाला फाइल आडवी येते असंही नाही. लेव्हल उतरवून यंत्रात ठेवायची सोय मारिओ मेकरच्या दोन्ही भागांत होतीच. पुढची एक पायरी, तिथून बाहेर न्यायची, जाणूनबुजून बांधलेली नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. सगळंच टिकवायचा हट्ट कशाला? दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात, आळीव पेरतात, मावळे मांडतात, शेजारपाजारचे येऊन पाहून जातात, आणि सण सरला की किल्ला मोडतो. त्याचं कुणाला दुःख नसतं, पुढल्या वर्षी नवा होतो. लेव्हल्सही तशाच येऊन जाऊ देत. या विचारात सौंदर्य आहे, आणि काही रचनाकारांना खरोखर हेच हवं असेल. पण किल्ला मोडतात ती तो करणारीच पोरं. माती त्यांची, अंगण त्यांचं, मोडायचा दिवसही त्यांचा. आणि एखाद्याला तो तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवावासा वाटला, तर ठेवता येतो. नश्वरतेतली शोभा त्या निवडीत आहे. लिटल बिग प्लॅनेटवर ज्यांनी कित्येक वर्षं रचलं, त्यांना ही निवड मिळाली नाही. निर्णय दुसऱ्यानं घेतला आणि यांना कळवला. फाइल हाती असलेला रचनाकार ती पुसूही शकतो, आणि मग ते पुसणं त्याचं असतं.

हा प्रश्न आता कायद्याच्याही उंबऱ्याशी आला आहे, पण अर्धवटपणे. युबिसॉफ्ट कंपनीनं मार्च २०२४ अखेर ‘द क्रू’ हा गेम बंद केला. विकत घेतलेला गेमच खेळता येईना, तेव्हा युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये तिच्या नागरिक-याचिकेनं १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. उलट, बाजारात न मिळणारे जुने गेम संशोधकांना ग्रंथालयातून दुरून अभ्यासू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. या दोन्ही ठिकाणी चर्चा कंपनीनं केलेल्या आणि विकलेल्या वस्तूची आहे. ग्राहकाचे पैसे बुडाले, ही तक्रार कायद्याला समजते. रचणाऱ्याचे श्रम बुडाले, ही तक्रार मांडायला अजून त्याच्याजवळ खाना नाही. गेमच्या जतनाची बाजू मांडणाऱ्यांनी हा भाग वेगळा काढून पुढे आणायला हवा, कारण गेम चालता राहिला आणि त्यातल्या खेळाडूंच्या लेव्हल्स गेल्या, असं सहज होऊ शकतं. लिटल बिग प्लॅनेटची तबकडी आजही यंत्रात घालून खेळता येते. तिच्यातलं लोकांनी रचलेलं जग तेवढं रिकामं आहे.

आपल्याकडे घराघरांत कन्सोल नाही, फोन आहे, आणि मराठी मुलंमुली लेव्हल्स रचायला लागली आहेत ती फोनवरच : जॉमेट्री डॅशमध्ये, फ्री फायर मॅक्सच्या क्राफ्टलँडमध्ये. दुसऱ्याच्या जागेत रचलेलं एका रात्रीत कसं जातं, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ अॅप्सवर बंदी घातली आणि त्यांत टिकटॉक होतं. गावोगावच्या ज्या पोरांनी तिथे आपलं नाव केलं होतं, त्यांना त्यांचे प्रेक्षक आणि त्यांची खाती एकदमच अंतरली. बंदीमागची कारणं हा वेगळा विषय आहे. पण ज्यांनी आपले व्हिडिओ फोनमध्ये ठेवले होते, त्यांना ते दुसरीकडे नेता आले आणि पुन्हा सुरुवात करता आली. लेव्हल रचणाऱ्या मुलीला तेवढीही मुभा नाही. तिची रचना तिच्या फोनमध्ये फाइल म्हणून असलीच, तरी त्या अॅपखेरीज कुठे उघडत नाही.

‘सुपर मारिओ मेकर २’ जून २०१९ मध्ये आला आणि त्याचे सर्व्हर अजून चालू आहेत. २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ या नव्या यंत्रावरही तो खेळता येतो. म्हणजे इथे अजून वेळ गेलेली नाही. लेव्हल बाहेर काढायचं एक बटण, दुसऱ्या यंत्रात ती आत घ्यायचं दुसरं बटण, आणि ती विकायची नाही एवढी एक अट, हे एका अपडेटचं काम आहे. ते सर्व्हर बंद व्हायची तारीख जाहीर होण्याआधी झालं पाहिजे. तारीख जाहीर झाली, की ज्यांनी गेम कधीच मागे सोडला, ज्यांचं यंत्र माळ्यावर आहे, जे रचत होते तेव्हा दहा वर्षांचे होते आणि आता कॉलेजात आहेत, त्यांच्यापर्यंत ती बातमी पोचेलच असं नाही.